चमचाभर पाणी

“थांब आज्जी, तिथंच थांब,” म्हणत नातीनं दोन्ही हात पसरले आणि मी दारातच थांबले. साडेतीन वर्षांची पोर ती. झगा उलटा घातलेला, केसांची गाठ कानावर आलेली, आणि आवाज असा, की आमचे मालक सुभेदार म्हणून पलटणीत होते तेव्हा त्यांचाही एवढा चालला नसेल. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात मी रस्त्यानं निघाले तर कट्ट्यावरची माणसं पाय आवरून बसतात. भावकीत सोयरीक जमवायची तर आधी माझ्या कानावर घालतात, कारण मागनं घातली तर मी काय बोलेन ते त्यांना ठाऊक असतं. ती मी, बनुबाई, सांगलीत माझ्याच पोराच्या फ्लॅटपुढं, एका हातात शेंगांची पिशवी आणि दुसऱ्या हातात तुपाची बरणी घेऊन, एका चिमुरडीनं अडवलं म्हणून उभी. “का गं संयू?” मी म्हटलं. “तुझा वास येतो आईला,” संयोगिता म्हणाली, “मग आई ओकते.” रागानं नाही बोलली. गाडी येतीय, बाजूला हो, असं सांगावं तसं सांगितलं. आणि तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत आतून तो आवाज आला. पाणी संपलेल्या विहिरीत मोटार चालू राहिली की ती जशी नुसती हवा ओढते, तसा. कोरडा आणि खोलवरचा. संयू वळली आणि पळाली. तिच्यामागं दीड वर्षाचा शिवतेज, चड्डीशिवाय, डुलत डुलत. दोघांना काही नवल नव्हतं. नवल मला एकटीला होतं, आणि ते हातातल्या बरणीसकट दारात उभं होतं.

वास. माझा वास. दुसऱ्याचा वास माणसाला कळतो, मला तर सगळ्यांचे ठाऊक आहेत. सुभेदार रिटायर होऊन आले तेव्हा त्यांना बुटाच्या पॉलिशचा वास यायचा, तो कितीतरी दिवस अंथरुणातनं गेला नव्हता. माझा पोरगा विश्वजित कुपवाडला कारखान्यात लागल्यापासून त्याच्या मानेला लोखंडाचा वास येतो. उसाला पाणी लागलं की वास वेगळा, लागलं नाही की वेगळा, हे मी डोळे मिटून सांगते. पण स्वतःचा? साठी उलटलेली बाई मी, आणि मला कसा वास येतो ते मला ठाऊक नव्हतं. त्या पोरीला होतं. म्हणजे या घरात माझ्या माघारी माझा वास बोलला गेला होता, त्याच्यावर काहीतरी ठरलं होतं, पोरांना शिकवून ठेवलं होतं. राग आला, खोटं कशाला बोलू. पण रागाच्या आत दुसरंच काहीतरी होतं. अंधाऱ्या खोलीत आरसा असावा आणि कुणीतरी एकदम दिवा लावावा, तसं. मग कळलं. मिशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि हिरड्यांना लावून बसायचं. नांदायला आले तेव्हापासून लावते. माझ्या दातांत, पदरात, घामात तीच मुरली असणार, लोणच्यात मोहरी मुरते तशी.

मला गॅलरीतली खोली दिली. खोली म्हणजे गॅलरीला काचा लावलेल्या, एक खाट, आणि हॉलकडं उघडणारी एक खिडकी. संध्याकाळी विश्वजित आला तो ओल्या केसांनी. कारखान्यातनं येऊन खाली वॉचमनच्या खोलीत आंघोळ करून, तिथंच कपडे बदलून वर येतो म्हणे, रोज. “बायकोसाठी वॉचमनच्या मोरीत आंघोळ,” मी म्हटलं, “बापानं तुझ्या सरहद्दीवर असलं काय सोसलं न्हाई.” तो हसला नाही. पूर्वी हसायचा. खाटेच्या कडेवर बसून हळू आवाजात सांगायला लागला. दुसरा महिना लागला तेव्हापासून स्वप्नालीच्या पोटात अन्न टिकत नाही. अन्न जाऊ दे, पाणी टिकत नाही. दोनदा सलाईन लावून आणलं. डॉक्टरीण बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, ते लांबलचक नाव त्यालाच धड म्हणता येईना. “आधीच्या दोन्ही येळंला पण हे होतं आई, पण एवढं न्हवतं. तवा ती इस्लामपूरला आईकडं होती, तुला दिसलं न्हाई.” आता तिच्या आईच्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती बाई स्वतः काठीवर. म्हणून मला बोलावलं. “आणि बोलावून गॅलरीत ठिवलं,” मी म्हटलं. तो म्हणाला, “आई, तिचं वजन बघितलंस का?” मी बघितलं नव्हतं. मी अजून तिला नीट बघितलंच नव्हतं.

मनात म्हटलं, थेरं आहेत. असं म्हणायला माझ्याकडं कारण होतं. चार बाळंतपणं झाली माझी, तीन लेकी आणि एक विश्वजित, आणि चारही वेळा, पोट दिसेपर्यंत घरात कुणाला पत्ता नव्हता. उलटी कशाशी खातात ते मला माहीत नाही. विश्वजित पोटात होता तेव्हा सातव्या महिन्यात मी उसात दारं धरत होते, पाणी एका सरीतनं दुसऱ्या सरीत वळवत, गुडघाभर चिखलात, आणि दुपारी झुणका-भाकरी अशी खाल्ली की बघणारीनं बघत राहावं. हे मी किती जणींना सांगितलंय याला गणती नाही. कुणाच्या लेकीला, कुणाच्या सुनेला, दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या मांडवात. आमच्यात हे असंच असतं, असं म्हणायचे, आणि समोरची पोर खाली बघायची. गॅलरीतल्या खाटेवर पडून मी तेच स्वतःला पुन्हा सांगत होते. पण खिडकीच्या पलीकडून तो मोटारीचा आवाज आला की माझं वाक्य मधेच तुटायचं, आणि मग पहिल्यापासनं सुरू करावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी उजेडात तिला बघितलं. हॉलमधल्या फरशीवर पडली होती. गादी नको, गादीला वास. पंखा नको, पंख्यानं भिंती फिरतात. गार फरशी तेवढी चालते. स्वप्नाली म्हणजे लग्नात आठजणींत उठून दिसणारी पोर. बँकेच्या परीक्षा देणारी, मला तोंडावर बोलणारी. म्हणून तर मला ती आवडायची, तिला हे कधी सांगितलं नाही ते सोडा. आता चरकातनं काढलेलं उसाचं चिपाड असतं तशी. डोळे आत, ओठ फुटलेले, गळ्याजवळची हाडं अशी वर आलेली की त्या खळगीत पाणी साठावं. आणि त्या चिपाडावरनं माझा नातू ट्रॅक्टर चालवत होता. पिवळा प्लास्टिकचा ट्रॅक्टर, मागं उसाची म्हणून खराट्याच्या काड्या बांधलेल्या. पायाच्या अंगठ्यापासनं निघाला, गुडघ्यावर चढला, मांडीवरनं उतरला. “आता कुठला घाट आला?” ती डोळे मिटूनच म्हणाली. “थंबाट्टी,” शिवतेज म्हणाला. “खंबाटकी. मग गिअर बदल. दमानं. माल जास्त आहे तुझा.” आणि तोंडानं तिनं आवाज काढला, डुर्र, डुर्र, इतका बारीक की खिडकीतनं मला ओठ हललेलेच दिसले. ट्रॅक्टर कमरेवर पोचला. तिनं एक बोट वर केलं. ट्रॅक्टर थांबला, जागच्या जागी, माथ्यावर. संयूनं निळा टब तिच्या हनुवटीखाली सरकवला. ती ओकली. म्हणजे काही निघालं नाही, सगळं अंग नुसतं गाठ मारल्यासारखं आवळलं आणि सुटलं, आवळलं आणि सुटलं. शिवतेज ट्रॅक्टर हातात धरून वाट बघत होता. रस्त्यात मेंढरं आडवी आली की ट्रॅक्टरवाला बघतो तशी. मग तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, “हां. सुटला घाट.” ट्रॅक्टर पुढं निघाला.

मी खिडकीशी उभी होते. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही. मी चार पोरं वाढवली. खांद्यावर घेऊन, काखेत मारून, झोळीत टांगून, कधी पाठीत धपाटा घालून. पण पडल्या जागेवरनं, एका बोटावर, डोळे मिटून, पोटात हे असलं वादळ घेऊन कुणी दोन पोरांचा घाट पार करून देतं, हे मी बघितलं नव्हतं. माझ्या देखत देवीचं वारं अंगात आलेल्या बायका नाचल्यात. त्यांच्यापुढं मी नारळ ठेवलाय, पण असा अंगावर काटा आला नव्हता. तो इथं आला, टाईलच्या फरशीवर पडलेल्या, केस न विंचरलेल्या सुनेकडं बघून. आणि बोलायची सोय नाही. तोंड उघडलं तर मिशेरी.

घरात माझा उपयोग काय, तर दारं लावून भात आणि वरण करायचं. फोडणी बंद. आमच्या घरच्या कांदा-लसणाच्या मसाल्याला कोरेगावपर्यंत नाव आहे, तो डबा तीन पिशव्यांत गुंडाळून वॉचमनकडं ठेवलेला. बिनफोडणीचं वरण मी आजवर फक्त आजारी कुत्र्याला घातलं होतं, ते आता लेकाला वाढत होते, आणि तो मुकाट जेवत होता. स्वतःचा वास घालवायला साबण लावून आंघोळ केली, तर संयू येऊन सांगून गेली, “आता साबणाचा वास येतोय, तू जरा वाळ.” मी गॅलरीत उभी राहून वाळले. एकदा ती पोर माझ्याकडं आली, गाल फुगवले, डोळे मोठे केले, श्वास गच्च धरला, माझ्या गालाचा मुका घेतला आणि लांब पळून जाऊन फुस्स करून श्वास सोडला. माझ्या काळजात कुणीतरी चिमटा काढला. म्हटलं, आता हिलाही. म्हणजे सगळ्यांनाच. मी पदरानं तोंड पुसून बसले. मग खिडकीतनं दिसलं, ती बाहुलीचा मुका घेत होती. गाल फुगवून, श्वास धरून. शिवतेजचा घेतला, तसाच. शिवतेजनं ट्रॅक्टरचा घेतला, तर तोही आधी बेडकासारखा फुगला. मला समजेना. नंतर, झोपायच्या वेळी, स्वप्नालीनं पोराला जवळ ओढलं. त्याला दुधाचा, तेलाचा, लहान लेकराचा वास येत असणार, ज्या वासासाठी बायका जीव टाकतात. आणि तोच आता तिला सोसत नव्हता. तिनं तोंड बाजूला करून श्वास भरून घेतला, आत कोंडला, आणि मग त्याच्या कपाळाला, डोळ्यांना, मानेला, कानामागं, पोटाला, भराभरा, बुडी मारलेल्या माणसासारखे मुके घेतले. डोळ्यांच्या शिरा ताणल्या तरी घेतले. मग मान वळवून श्वास सोडला आणि टबाकडं हात केला. म्हणजे पोरांना वाटत होतं मुका असाच घेतात. आईनं शिकवला तो मुका. माझ्या गालावर जो पडला होता तो तोच होता, घरचा. मी गालाला हात लावून कितीतरी वेळ बसले होते.

मिशेरी मी गच्चीवर जाऊन लावत होते, चोरासारखी, या वयात. पुडी संपत आली. बाजारात तयार मिळते, पण तिच्यात माती असते, मी आयुष्यात कधी दुसऱ्याच्या हातची लावली नाही. तंबाखूची पानं मी येताना आणलेली. एक दिवस न लावता काढला, तर डोकं अशा ठणक्यांनी दुखायला लागलं की संयूचं बोलणंही कानात खिळ्यासारखं घुसायचं. दुपारी घर शांत झालं. पोरं निजली होती. स्वप्नाली हॉलमध्ये चादर घेऊन पडली होती, असं मी समजले. स्वयंपाकघराचं दार लावलं, खालच्या फटीला ओला टॉवेल कोंबला, खिडकीतला धूर ओढायचा पंखा लावला आणि तवा ठेवला. गावात घरामागं आमचं परडं असतं, धूर परड्यात जातो, वर निघून जातो. धूर वर जातो एवढंच मला माहीत. या इमारतीत तो पंखा एका अरुंद बोळकांड्यात फेकतो, आणि त्याच बोळकांड्यात न्हाणीची खिडकी उघडते, हे मला कोण सांगणार? पानं काळी पडली, धुराला तो ओळखीचा कडूपणा आला, माझं डोकं नुसत्या वासानंच हलकं झालं. आणि भिंतीपलीकडून, न्हाणीतनं, किंकाळी म्हणता येणार नाही असा एक आवाज आला. चादरीखाली ती नव्हती. न्हाणीत होती.

दार ढकललं तेव्हा ती मोरीच्या कडेला दोन्ही हातांवर ओणवी होती आणि पांढऱ्या फरशीवर तांबडं होतं. रक्त. फार नाही, पण रक्त. ती थांबेना. श्वास घ्यायलासुद्धा मधे जागा मिळेना तिला. मी पुढं झाले की ती आणखी जोरात आवळायची, म्हणून मागं झाले, म्हणून पुन्हा पुढं झाले. अख्ख्या जन्मात माझे पाय असे गोंधळले नव्हते. तेवढ्यात माझ्या कमरेखालनं संयू आत शिरली, झोपेतनं उठून आलेली, एका हातात टब, एका हातात फडकं. रक्ताकडं बघितलं. रडली नाही. खाली बसून पुसायला लागली, छोटे छोटे गोल काढत. मी वाटेत होते. “पाय उचल आज्जी,” ती म्हणाली. मी पाय उचलला.

विश्वजित येईपर्यंत समोरच्या फ्लॅटमधल्या मयूरीनं रिक्षा थांबवली, पोरं तिनं तिच्याकडं घेतली. पहिल्या रिक्षात विश्वजित आणि स्वप्नाली. मी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसणार होते, पण वाऱ्यानं माझा वास मागं गेला असता. म्हणून मी दुसरी रिक्षा केली आणि म्हटलं, “त्या रिक्षाच्या मागं ऱ्हा, लांबनं.” पुढच्या रिक्षाच्या मागच्या काचेतनं तिचं डोकं दिसत होतं, लेकाच्या खांद्यावर कलंडलेलं, खड्डा आला की उडणारं. तिच्यावर नजर ठेवून बसले होते आणि माझा उजवा हात आपोआप मुठीत आवळला गेला होता. मुठीत काहीतरी असल्यासारखा. गार, मऊ, बोटांच्या फटींतनं गळणारं. राख. चुलीतली गार झालेली राख. मी बघत होते तो रस्ता दिसेनासा झाला आणि एक शेणानं सारवलेली खोली दिसली, कोपऱ्यात अंथरूण, आणि मी चुलीपासनं अंथरुणापर्यंत मूठ आवळून पळतेय, राख सांडायच्या आत पोचायचं, पोचले की अंथरुणाजवळच्या ओकारीच्या ओल्यावर ती टाकायची, आणि पुन्हा पळायचं. मला वाटायचं हा खेळ आहे. मी त्यात पटाईत होते. “बने, राख आण गं,” असं कुणीतरी म्हणायचं. माझी आई मी लहान असताना गेली. कशानं, तर तापानं, असं मला सगळ्यांनी सांगितलं, आणि पोटुशी होती हे कुणीतरी कधीतरी बोलताबोलता. तिचा चेहरा मला आठवत नाही. फोटो नाही. आवाज तर नाहीच, असं मी धरून चालले होते. तो आवाज त्या रिक्षात आला. बारीक, कोरडा, हसरा. “बने, राख आण गं. पळ. आली का माझी बनी.” साठ वर्षं तो माझ्या मुठीत होता. ताप नव्हता तो. मी तिथं होते, मला ठाऊक आहे, ताप नव्हता. ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, “आज्जी, बरं वाटतंय न्हवं?” मी म्हटलं, “तू म्होरं बघ.”

दवाखान्यात डॉक्टरीण बाई विश्वजितशी बोलल्या, मी भिंतीला टेकून ऐकलं. घशाची आतली त्वचा फाटली, त्याचं रक्त. ते भरून येईल. पण वजन फार उतरलंय, आणि लघवीच्या तपासणीत दिसतंय की बाहेरनं काही मिळेना म्हणून अंग आता स्वतःलाच खायला लागलंय. नवीन औषध सलाईनमधनं सोडतो. उतार पडला तर बरंच. नाही पडला तर तिच्या जिवाचा विचार आधी करायला लागेल. गर्भ काढायचा का, हे तिनं ठरवायचं, पण ती काही बोलतच नाही. बाई गेल्या. विश्वजित बोटं मोडत उभा. त्यानं सुभेदारांना फोन लावून दिला. “काय करायचं, इचारत्यात,” मी म्हटलं. फोनवर सुभेदारांचा आवाज एकदम म्हातारा लागला. “बनू, तू म्हणशील तसं.” सरहद्दीवर राहिलेला माणूस, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीत त्याचं हेच वाक्य, मला ते नेहमी गोड वाटायचं. आज नाही वाटलं. विश्वजित माझ्याकडं न बघता म्हणाला, “आई, ती तुला भिती. तू काय म्हणशील, म्हणून ती डॉक्टरला बोलंना.” म्हणजे मी गॅलरीत बसले होते तरी त्या पोरीच्या उरावर बसलेली होते. “आमच्यात हे असं असतं” हे वाक्य मी न बोलता त्या घरभर पसरलेलं होतं. त्यालाही वास असणार.

मी चूळ भरली, हातपाय धुतले, पुन्हा चूळ भरली. आत गेले ती धान्य उफणताना वारा बघून उभं राहतात तशी, खिडकीचा वारा बघून, त्याच्या खालच्या अंगाला उभी राहिले. स्वप्नाली उताणी होती. हाताला सुई, वर बाटली. “आत्या,” ती म्हणाली, डोळे न उघडता. आवाजावर कसं ओळखलं म्हणावं, तर मी बोललेच नव्हते.

“बोल.”

“मला हे नको वाटतंय आता. आणि नको म्हणायलाही जीभ उचलत नाही. तुम्ही काय म्हणाल…”

“मी काय म्हणणार? मला इचारून पोटुशी ऱ्हायलीस व्हय गं?”

तिच्या पोटातनं हसू आलं, त्या हसण्याचीच उबळ झाली, तिनं ती ओठ आवळून परतवली. “हसवू नका ओ. मारता काय.”

“ऐक. ह्या घरची नातवंडं दोन हायत मला. सून एकच हाय.”

तिचं तोंड वेडंवाकडं झालं, खांदे हलले, सगळं रडणं आलं, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. तेवढंही पाणी तिच्या अंगात शिल्लक नव्हतं. कोरडं रडणं मी पहिल्यांदा बघितलं. थांबल्यावर म्हणाली, “हे कुणीतरी म्हणावं म्हणून थांबले होते. आता मला माझं ठरवता येईल.” मग तिनं वरच्या बाटलीकडं बघितलं. “आता औषध चढतंय. नर्सबाई म्हणाल्यात, थोड्या वेळानं चमचाभर पाणी देऊन बघू. ते टिकलं तर मी हे ठेवीन. उलटलं तर उद्या डॉक्टरना सांगीन, काढा. मग कुणी मला काही विचारायचं नाही.”

“कौल लावतीस व्हय देवाला?” गावात भैरोबाला आम्ही फुलं चिकटवून बसतो. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. माझी सगळी मोठी कामं मी तशीच केलीत.

“देवाला नाही,” ती म्हणाली, “त्याला काय कळतंय यातलं.”

अशी ती. चिपाड झाली तरी जिभेला धार. मला एकदम वाटलं, माझ्या पोटची चार आहेत, पण माझ्यासारखी ही एकच निघाली, आणि ती इस्लामपूरहून आली.

नर्सनं वाटी-चमचा आणून ठेवला. विश्वजितनं चमचा भरला तर अर्धा चादरीवर सांडला. “ह्यांना नाही जमायचं,” ती म्हणाली, “तुम्ही द्या.” मी म्हटलं, “मी?” ती म्हणाली, “द्या.” मी खिडकीचा वारा सोडून तिच्याजवळ गेले. तिनं तोंड फिरवलं नाही. औषधाची करामत असेल, किंवा तिनं ठरवलं असेल. चमचा ओठांना लावला. पाणी आत गेलं. तिनं गिळलं. गळ्यातली घाटी वर गेली आणि खाली आली.

मग आम्ही दोघं त्या गळ्याकडं बघत बसलो. बाहेर कुणाचं तरी स्ट्रेचर गेलं, कुणीतरी चहावाल्याला हाक मारली, ते सगळं दुसऱ्या गावात चाललेलं. मी उन्हाळ्यात पाटाला पाणी सुटायची वाट बघितली आहे. पलटणीतनं पत्र यायची वाट बघितली आहे, सीमेवर गडबड होती तेव्हा. पण एका चमचाभर पाण्याची अशी वाट मी बघितली नव्हती. ते आता कुठं असेल? छातीच्या हाडामागं? त्याच्याही खाली? आणि खाली ते काय बसलंय, अंगठ्याएवढं, ज्याला हात धड फुटले नसतील, आणि त्यानं एवढ्या मोठ्या बाईला जमिनीवर आणलंय, तिला तिच्याच लेकराचा वास नकोसा केलाय, आणि त्याला याची खबर नाही. त्याचा राग यावा तर तो येईना. पुराचा राग येतो का. माझी चार आली ती पाहुण्यानं कडी न वाजवता यावं तशी आली. मी त्याचा अभिमान धरला. कशाचा धरला? जे मला झालं नाही, त्याचा. मी केलं काय त्यात? आणि ही इथं, रोज, दिवसातनं शंभर वेळा, अंगानं नको म्हटलेली गोष्ट पुन्हा धरून बसते, आणि मधे घाट सुटला म्हणून पोराला सांगते. माझ्या आईनंही धरलं असेल असं. तिच्याशेजारी कुणी बाई बसून म्हणाली नसेल, सून एकच हाय, लेक एकच हाय. राख टाकणारी तेवढी होती. मी कुणापुढं तरी हात जोडले होते, पदराखाली, पण काय मागत होते ते मलाच कळेना. टिकू दे म्हणू, तर ही पुढं आणखी कितीतरी महिने जळणार. उलटू दे म्हणू, तर ते तोंडानं म्हणवत नाही. म्हणून काही म्हटलं नाही. नुसते जोडलेले ठेवले.

एकदा तिच्या कपाळावर घाम आला. विश्वजित टब घेऊन उठला. तिनं डोळे घट्ट मिटले, हाताची बोटं चादरीत रुतली, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या उठल्या. मी उठले नाही. तिचं अंग आणि ती, दोघींची झोंबाझोंबी चालली होती, आणि तिच्यात मधे पडायला मला कुणी बोलावलं नव्हतं. मग एकेक शीर खाली बसली. बोटं सुटली. बाटलीतला थेंब पडला, त्याच्यामागं दुसरा पडला. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं, सरळ, मी घरात आल्यापासनं पहिल्यांदा.

“आत्या,” ती म्हणाली, “अजून एक चमचा.”